शासनातर्फे हजर

सिनेमात दिसतो तो सरकारी वकील निराळा. तो खुनाच्या खटल्यात बोट रोखून ओरडतो आणि शेवटच्या रिळात नायकासमोर हरतो. जिल्हा न्यायालयात दिवाणी दाव्यांत शासनाची बाजू मांडणारा सहायक सरकारी वकील, म्हणजे बाररूमच्या बोलीत ‘एजीपी साहेब’, याच्यावर अजून कुणी सिनेमा काढलेला नाही. काढलाच तर मध्यंतरापर्यंत ‘मुदत मिळावी’ एवढा एकच संवाद पुरेल.

इतर वकिलांचे पक्षकार सकाळच्या एसटीने येतात. हातात कागदांची पिशवी, सोबत एखादा सल्लागार मेहुणा, आणि वकिलांच्या चहाचे पैसे देण्याची तयारी. एजीपी साहेबांचा पक्षकार 2011च्या जनगणनेत सव्वाअकरा कोटींचा होता, पण तारखेला त्यातलं एक माणूस येत नाही. फीचं बिलही ‘त्रुटीपूर्ततेसाठी परत’ येतं.

पुकारा होतो.

“शासनातर्फे?”

“हजर, मॅडम.”

“कैफियत?”

“परिच्छेदनिहाय अभिप्राय अप्राप्त आहेत, मॅडम. मुदत मिळावी.”

“मागच्या तारखेलाही हेच सांगितलंत.”

“मागच्या तारखेलाही अप्राप्तच होते, मॅडम.”

यात खोटं काही नाही. अभिप्राय मागवणारं त्यांचं पत्र कलेक्टर कचेरीतून प्रांताकडे, प्रांताकडून तहसीलदाराकडे, तिथून मंडल अधिकाऱ्याकडे आणि अखेर तलाठ्याकडे उतरतं. तलाठी भाऊसाहेब चार ओळी लिहितात. त्या चार ओळी त्याच पायऱ्यांनी वर चढतात, आणि प्रत्येक पायरीवर ‘सोबतच्या अहवालाशी हे कार्यालय सहमत आहे’ असं एक पत्र त्यांना चिकटतं. शेवटी जाडजूड पाकीट हाती येतं. आत मजकूर : ‘परिच्छेद 1 ते 14 मान्य नाहीत.’

परिच्छेद 1मध्ये वादीचं नाव, वय आणि गाव असतं. परिच्छेद 2मध्ये ते गाव कोणत्या तालुक्यात येतं ते.

एजीपी साहेब फोन लावतात. “अहो भाऊसाहेब, तालुका तरी मान्य करा. तिथल्याच कचेरीतून बोलताय ना?”

“वकीलसाहेब, वर विचारून कळवतो.”

कधीकधी याच्या उलट संकट येतं. एखादा नवा, सरळमार्गी तलाठी लिहून मोकळा होतो की वादीचं म्हणणं खरं आहे, त्याचं शेत पाझर तलावात गेलं आणि मोबदला मात्र शेजारच्या गटाला मिळाला. अशा वेळी एजीपी साहेब स्वतः उठून कलेक्टर कचेरीत साहेबांच्या केबिनमध्ये जातात. मुळात सरकारवर दावा लावायच्या आधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 80ची दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. तेवढ्यात सरकारने शांतपणे विचार करावा, चूक असेल तर निस्तरावी, ही त्यामागची अपेक्षा. नोटिशीवर आवक क्रमांक पडतो. विचार कुणी करायचा हे कार्यविवरणात नसतं.

“साहेब, तडजोड करून टाकू. जुन्या 1894च्या भूसंपादन कायद्याखालचं प्रकरण आहे. मोबदल्यावर पहिल्या वर्षी 9 टक्के आणि नंतर 15 टक्के व्याज चढतंय. कुठली बँक देते हो 15 टक्के?”

“पटतंय. पण मी सही केली की ऑडिट माझ्या मागे लागेल. कोर्टाला ठरवू द्या, देऊन टाकू.”

कोर्ट ठरवतं. साहेब म्हणतात, “अपील करा.”

एजीपी साहेबांच्या कामाचं मर्म इथे आहे, आणि मला तर त्यांची यात कीवच येते. ‘द्या’ या शब्दाखाली सही करायला सरकारात कुणी धजत नाही. ‘अपील करा’ला मात्र कुणाचाच विरोध नसतो, कारण अपील हरलं तर वकील हरला. म्हणजे सगळ्यांच्या वतीने हरायला, तेही होता होईल तितकं उशिरा, एक काळा कोट नेमलेला आहे.

उशिराच्या बाबतीत ते कलावंत आहेत. जिल्हा न्यायालयात अपिलाची मुदत 30 दिवसांची. मंजुरीची फाईल मंत्रालयातून येईपर्यंत ती केव्हाच उलटलेली असते. मग विलंब माफीचा अर्ज. ‘दरम्यान निवडणूक लागली. त्यानंतर अवकाळीचे पंचनामे होते. त्यानंतर संबंधित अधिकाऱ्यांची बदली झाली. नवीन अधिकारी रुजू झाले ते प्रशिक्षणास गेले.’ त्यातलं प्रत्येक वाक्य खरं असतं. विरुद्ध बाजूचा वकील सर्वोच्च न्यायालयाचा 2020चा निकाल वाचून दाखवतो : मध्य प्रदेश शासनाने 663 दिवस उशीर केला म्हणून 25 हजारांचा दंड. एजीपी साहेब शांतपणे उठतात. “मॅडम, आमचा उशीर त्याच्या निम्मासुद्धा नाही.”

तुमची जमीन कुणी बळकावली तर दावा लावायला कायदा तुम्हाला 12 वर्षं देतो, सरकारला 30. कायदा करणाऱ्यांनी सरकारी कचेरीत कधीतरी खेटे घातले असणार.

हुकूमनाम्यानंतर पैसे भरायला सरकारला आणखी 3 महिने मिळतात. तेही सरतात, शेतकरी दरखास्त लावतो, आणि एका सकाळी बेलिफ जप्तीचं वॉरंट घेऊन कलेक्टर कचेरीत हजर होतो. खुर्च्या, टेबलं, संगणक, खालची जीप. आपल्याकडे ही बातमी अधूनमधून फोटोसकट छापून येते. त्या दिवशी मात्र एजीपी साहेबांना पक्षकाराचं दर्शन घडतं. एरवी न उचलला जाणारा फोन स्वतःहून वाजतो, जीप आणायला येते, गेल्यागेल्या चहा मिळतो.

“वकीलसाहेब, हे आधी का नाही सांगितलंत?” साहेब उभ्यानेच विचारतात. खुर्ची यादीत पहिल्या क्रमांकावर असते.

एजीपी साहेब पिशवीतून पत्रांच्या स्थळप्रतींचा गठ्ठा काढतात. प्रत्येकीवर याच कचेरीचा आवक शिक्का. साहेब वरचं पत्र वाचतात, मग खालचं, मग त्याच्या खालचं. चेहरा गंभीर होतो. खिशाकडे हात जातो, मग टेबलावरचा हिरव्या शाईचा पेन उचलून ते पहिल्या पत्राच्या समासात ‘तातडीने नियमानुसार कार्यवाही करावी’ असं लिहू लागतात.

“साहेब,” बेलिफ अदबीने म्हणतो, “पेन खाली ठेवता का? तोपण यादीत आहे.”