टाटात की टाटाला?

आमच्या पिंपरी-चिंचवडात विभक्तीचे प्रत्यय फार जपून लावावे लागतात. "शेजारचा मुलगा टाटात आहे" म्हटलं की ऐकणारा खुलतो, मुलाचं वय विचारतो आणि मनातल्या मनात भाचीची पत्रिका काढतो. "शेजारचा मुलगा टाटाला गेलाय" म्हटलं की तोच माणूस आवाज खाली आणून विचारतो, "अरेरे! कुठे निघाला?" आमच्याकडे सप्तमीला पेढे वाटतात आणि चतुर्थीला धीर देतात.

जुन्या माणसांना ही अडचण नाही. टाटांच्या मोटार कंपनीचं नाव २००३ साली बदललं तरी ती अजून 'टेल्को'च म्हणतात. गोंधळ होतो तो आमच्या पिढीचा. आणि तो किती होतो, हे मला हातात पावतीपुस्तक आल्यावर कळलं.

त्याचं असं झालं. दाजींना घेऊन मी टाटाला, म्हणजे चतुर्थीतल्या टाटाला, परळच्या कॅन्सर हॉस्पिटलात, गेलो होतो. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. परळला उपचार घेणारी बाहेरगावची माणसं तिथे उतरतात. तिथल्या जिन्यात बसून मी अख्खा महाराष्ट्र पाहिला. तोंडाला मास्क, हातात फाइल आणि एकमेकांची चौकशी गावच्या एसटी स्टँडवर करावी तशी. पेशंटांच्या गोळ्या-जेवणाचं बघणाऱ्या एका संस्थेची माणसं तिथे भेटली. मी भरून आलेल्या आवाजात म्हणालो, "आमच्या पट्ट्यातून मी जमवून देतो!" दाजी आता ठणठणीत आहेत, म्हणजे माझ्या बहिणीच्या स्वयंपाकाला नावं ठेवण्याइतके. माझ्या गळ्यात मात्र शंभर-शंभर पावत्यांची दोन पुस्तकं पडली. चाकणच्या कारखान्यात क्वालिटीला बावीस वर्षं काढलेल्या माणसाने माल न तपासता सही करू नये, एवढंही मला सुचलं नाही.

सुरुवात सोसायटीपासून केली. पहिलंच दार चेअरमनांचं.

"टाटासाठी वर्गणी?" ते म्हणाले. "अहो, टाटांना आपण वर्गणी द्यायची? त्यांनी आपल्याला द्यायला पाहिजे!"

मी समजावू लागलो. सर दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कॅन्सरने गेल्या. पुढच्या वर्षी दोराबजीही गेले. त्यांच्या ट्रस्टने परळला २८ फेब्रुवारी १९४१ रोजी हे हॉस्पिटल सुरू केलं. पण १९५७ मध्ये ते सरकारच्या आरोग्य खात्याकडे गेलं आणि १९६२ पासून अणुऊर्जा खात्याकडे आहे.

"म्हणजे टाटाचं हॉस्पिटल टाटांचं नाही?"

"नाही."

"आणि ते अणुबाँबवाल्यांकडे आहे?"

"किरणोत्सर्गाचे उपचार असतात ना, म्हणून..."

"सरकारचंच आहे तर आम्ही टॅक्स भरतोच की," असं म्हणून त्यांनी दार लावलं. याच गृहस्थांनी गणपतीत डीजेसाठी पाच हजार एक दिले होते. इतिहास सांगून वर्गणी मिळत नाही, हा पहिला धडा.

दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी मात्र लगेच पाचशे काढले. मी नाव लिहायला घेतलं तशा त्या दचकल्या. "नाव नको हो लिहू! तो शब्द आणि माझं नाव एका कागदावर नको." मग 'एक हितचिंतक' लिहिलं. तिसऱ्या मजल्यावरही हितचिंतकच निघाले. चौथ्यावरच्या आजोबांनी पैसे दिले, पण पावतीवरचा संस्थेच्या नावातला 'कॅन्सर' तेवढा कात्रीने कापून मागितला. पहिलं पुस्तक संपलं तेव्हा आमच्या सोसायटीत चौदा हितचिंतक राहतात, असा कागदोपत्री पुरावा तयार झाला. पार्किंगच्या मीटिंगला त्यातला एकही दिसत नाही.

कंपनीतही विचारून पाहिलं. मोठ्या कंपन्यांना नफ्यातला दोन टक्के भाग समाजकार्याला द्यावा लागतो हे मला ठाऊक होतं. त्या दोन टक्क्यांपर्यंत पोहोचायला किती टेबलं लागतात, हे नव्हतं. शेवटी 'मॅरेथॉन' घ्यायचं ठरलं. पाच किलोमीटरची! १९८० साली कॅनडात टेरी फॉक्स नावाचा पोरगा कॅन्सरने पाय गेल्यावर कृत्रिम पायावर रोज जवळजवळ बेचाळीस किलोमीटर धावत होता. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर, रोग फुफ्फुसात पोहोचेपर्यंत. आम्ही सहाशे टी-शर्ट छापले. साइजवरून भांडणं झाली. टी-शर्टांचा खर्च वजा जाता जे उरलं, त्यात बॅनरवाल्याची बाकी कशीबशी भागली. एक समाधान आहे: तळेगाव चौकाच्या बाजूला अडकलेल्या ट्रकांना आम्ही मागे टाकलं. चाकणमध्ये धावणारा माणूस नेहमीच पुढे असतो.

राहिली कंपनीच्या गेटबाहेरची चहाची टपरी. पहिली शिफ्ट सुटायच्या वेळेला मी तिथे डबा घेऊन उभा राहिलो. इथे वेगळाच पेच. गुटख्याला २०१२ पासून बंदी आहे, पण तंबाखू वेगळी, चुना वेगळा आणि मळायला तळहात आपलाच. आपल्याकडे तोंडाचा कॅन्सर बहुतेकदा गालाच्या आत, हिरडीला लागून होतो. म्हणजे बार ठेवतात नेमका तिथेच. मी हे सांगायला तोंड उघडलं, तर समोरचा फिटर म्हणाला, "थांबा साहेब, हात रिकामा करतो." त्याने दोन थापट्या मारल्या, बार ओठाखाली ठेवला, हात पँटला पुसला आणि वीसची नोट डब्यात टाकली. पावतीसुद्धा मागितली नाही. मी त्याला दोन शब्द सुनावणार होतो. पण माझ्याच शर्टाच्या खिशात, पावतीपुस्तकाच्या मागे, पुडी होती आणि तिचा कोपरा बाहेर डोकावत होता. आम्ही दोघांनीही तो पाहिला. दोघेही पावसाबद्दल बोलू लागलो.

डबा मात्र भरला. कंत्राटी पोरांनी दहा-दहा, वीस-वीस टाकले. एकानेही हॉस्पिटल कोणाचं ते विचारलं नाही. घरी पैसे मोजताना बायकोला शिंका आल्या. "देणगी आहे की जर्दा?" ती म्हणाली. माझी पुडी तिने त्याच दिवशी जप्त केली. आता मी लवंग चघळतो आणि चिडचिड करतो.

परवा पुन्हा टपरीवर उभा होतो. विशीतला एक पोरगा बराच वेळ घुटमळला. शेवटी जवळ येऊन म्हणाला, "साहेब, तुम्हाला टाटाचं माहिती आहे म्हणे."

मी सवयीने म्हणालो, "भरती सध्या बंद आहे रे बहुतेक."

"टाटात नाही साहेब," तो म्हणाला. "टाटाला. आईला न्यायचंय."

दुसऱ्या पुस्तकातली एक कोरी पावती फाडून तिच्या मागे मी लिहून दिलं: चिंचवडहून सकाळची सिंहगड. दादरला उतरायचं. धर्मशाळा पूर्वेला. सोबत आधार कार्ड, सगळे रिपोर्ट, बायॉप्सीच्या स्लाइड आणि ब्लॉक. ब्लॉक म्हणजे इंजिनाचा नव्हे, हेही सांगितलं. तपासायला काढलेला तुकडा मेणात बसवून ठेवतात, तो लॅबमधून मागून घ्यायचा. माझा नंबर लिहिला. त्याने दोनदा वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि खिशातून दहाची नोट काढली.

"अरे, राहू दे," मी म्हणालो.

"असं कसं साहेब," तो म्हणाला, "पावती फाडली ना तुम्ही."