प्रथम पक्षकारांस अनावृत पत्र

राजमान्य राजेश्री प्रथम पक्षकार, मुक्काम प्रत्येक करारनाम्याचा पहिला परिच्छेद, यांसी बेटमा, तहसील देपालपूर, जिल्हा इंदूर येथील एका रहिवाशाचा नमस्कार विनंती विशेष.

आपणांस पत्र लिहावयास बसलो तेव्हा पहिली अडचण मायन्याचीच पडली. ‘भारत सरकार’ असे संबोधावे, तर संविधानाच्या 299 व्या अनुच्छेदाप्रमाणे केंद्राच्या कार्यकारी अधिकारात होणारा प्रत्येक करार राष्ट्रपतींनी केला असे त्या कागदात नमूद असावे लागते. ‘राष्ट्रपती’ म्हणावे, तर लगतच्याच 300 व्या अनुच्छेदाप्रमाणे आपणांवर फिर्याद लावावयाची ती ‘भारतीय संघराज्य’ या नावाने. नुसते ‘भारत’ म्हणावे, तर ते नाव आपण मनिला व वॉशिंग्टन येथील सावकारांसाठी राखून ठेवलेले. आणि आमच्या तहसिलीतील घरकुलांच्या हिशेबात तर आपणांस नावच नाही, तेथे आपण शेकडा साठ या रूपाने नांदता. तेव्हा करार करताना एक, कोर्टात दुसरे, कर्ज काढताना तिसरे आणि पैसे वाटताना अपूर्णांक, अशा या विभूतीला एकाच मायन्यात कसे बांधावे हे न सुचल्यामुळे, वकील मंडळींनी आपणांस दिलेले बिनधोक नावच मी पत्करले आहे.

आपल्या प्रापंचिक व्यवहारांकडे पाहिले म्हणजे मन भरून येते. एखाद्या गावी टपालकचेरीसाठी चार खोल्या भाड्याने घ्यावयाच्या असोत, रेल्वेच्या फलाटासाठी फरशी आणावयाची असो की निमलष्करी दलांसाठी पिस्तुले मागवावयाची असोत, करारनाम्यावर पहिले नाव साक्षात राष्ट्रपतींचे, आणि त्या नावामागे, संदर्भाशी विसंगत नसेल तेथे, त्यांच्या पदावर पुढे येणाऱ्या सर्वांची रांग. घरमालक बिचारा धन्य होतो. आपले भाडेकरू कोण, हे तो सोयऱ्यांना सांगतो. परंतु 299 व्या अनुच्छेदाचा दुसरा खंड त्याला सहसा कोणी वाचून दाखवीत नाही. त्यात असे म्हटले आहे की अशा कराराबद्दल राष्ट्रपती व्यक्तिशः जबाबदार नाहीत, आणि त्यांच्या वतीने ज्याने सही ठोकली तोही व्यक्तिशः जबाबदार नाही. ज्याचे नाव आहे तो बांधलेला नाही, ज्याची सही आहे तोही बांधलेला नाही, आणि जो बांधलेला आहे त्याचे ना नाव ना सही, अशी ही तीन पात्रांची रचना कोणा नाटककाराला सुचली असती तर प्रेक्षकांनी ती अतिशयोक्त म्हणून नापसंत केली असती.

न्यायबुद्धीने सांगावयाचे तर या नियमात शहाणपण आहे. वाटेल त्या अधिकाऱ्याने चहा पिता पिता तोंडी शब्द द्यावा आणि खजिन्याने तो फेडीत बसावे, हे राज्याला परवडण्यासारखे नव्हे. म्हणूनच 1935 च्या भारत सरकार कायद्यातही गव्हर्नर जनरलच्या नावाची अशीच अट होती. पण या कुंपणाचे काटे बहुधा बाहेरच्या माणसालाच लागतात. गोंदियाच्या मूळजी सिक्का आणि कंपनीचे भागीदार चतुर्भुज विठ्ठलदास जसाणी हे पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत भंडारा मतदारसंघातून उभे होते, आणि त्यांची कंपनी सैनिकांसाठी केंद्र सरकारला विड्या पुरवीत होती. त्या विड्यांच्या करारावर राष्ट्रपतींचे नाव विधिवत नव्हते. मग तो करार मुळी नव्हताच असे म्हणावे, तर 1954 साली सर्वोच्च न्यायालयात न्या. विव्हियन बोस यांनी निर्णय दिला की आपणांवर तो बंधनकारक नसला तरी अगदीच मृत नाही, त्यात जसाणींचा हितसंबंध आहे, आणि सरकारी करारात हितसंबंध असलेला उमेदवार तेव्हा अपात्र ठरे, म्हणून त्यांची अपात्रता कायम. विड्या कोण्या जवानाने ओढून कधीच संपवल्या असतील. करार मात्र खजिन्याकडे तोंड करून निद्रिस्त आणि उमेदवाराकडे तोंड करून जागा राहिला. पुढे 1961 साली मंडल आणि सन्स यांच्या खटल्यात न्यायालयाने एवढी दया दाखविली, की नमुन्याबाहेर केलेले काम जर सरकारने उपभोगले असेल तर करार कायद्याच्या कलम 70 खाली त्याचा मोबदला द्यावा. आणि 2023 मध्ये पिस्तुलांच्याच एका सौद्यात आपण राष्ट्रपतींचे नाव पुढे करून आपलाच एक अधिकारी लवाद म्हणून बसवू पाहत होता, तेव्हा न्यायालयाला सांगावे लागले की 299 वा अनुच्छेद ही लिहिण्याची रीत आहे, चिलखत नव्हे.

आता आमच्या गावाविषयी थोडेसे, कारण या बाबतीत बेटम्याला बोलण्याचा काही अधिकार आहे. येथे सापडलेला परमार भोजराजाचा ताम्रपट, जो द. बा. डिस्कळकरांनी ‘एपिग्राफिया इंडिका’च्या अठराव्या खंडात प्रसिद्ध केला, विक्रम संवत 1076 चा, म्हणजे इसवी सन 1020 चा आहे. कोकण घेतल्याच्या आनंदपर्वात राजाने एका पंडिताला गाव इनाम दिल्याची ती सनद. (कोकणच्या वाचकांनी राग मानू नये; आनंद आमच्याकडचा होता, गाव गेले ते तिसऱ्याच कोणाचे.) त्यात देणाऱ्याची वंशावळ आहे, घेणाऱ्याचे नाव, गोत्र आणि मूळ ठिकाण आहे, दान का दिले हे आहे, पुढे येणाऱ्या राजांनी ते मोडू नये म्हणून विनवणी आहे, साप धरलेला गरुड आहे, आणि अखेरीस हा खुद्द भोजदेवाचा हस्त होय अशी नोंद आहे. राजेशाहीचे गोडवे गाण्याची मला हौस नाही. ज्या प्रजेचा वसूल त्या पंडिताच्या पदरी पडला तिला कोणी विचारले नसणार. परंतु देणारा कोण, ही एक गोष्ट त्या तांब्याच्या पत्र्यावर हजार वर्षांनीही वाचता येते, आणि आपल्या मागील महिन्याच्या कराराखालच्या सहीवरून ती ओळखणे हस्ताक्षरतज्ज्ञालाही कठीण आहे.

मधल्या काळात आपण आमच्या मुलखाचे ऋणकोही होता. खंडव्याहून इंदुरास आगगाडी यावी म्हणून दुसरे तुकोजीराव होळकर यांनी 1870 च्या सुमारास हिंदुस्थान सरकारास एक कोट रुपये, दरसाल दरशेकडा साडेचार व्याजाने, 101 वर्षांच्या मुदतीवर दिले. 1858 च्या कायद्यान्वये तेव्हा आपले कोर्टातील नाव ‘सेक्रेटरी ऑफ स्टेट फॉर इंडिया इन कौन्सिल’ असे होते, आणि वास्तव्य लंडनला. मुदत मोजीत गेले तर ती 1971 च्या आसपास भरते. तोवर धनको संस्थान 1948 च्या करारनाम्याने मध्यभारतात विलीन झालेले, आणि लंडनचे ते ऋणको पदही उरलेले नाही. त्या 1948 च्या करारनाम्यात आपण एका नव्याच वेषात आला होता: पक्षकार म्हणून नव्हे, तर राजेलोकांनी आपसात लिहून दिलेल्या कागदाखाली हमीदार म्हणून. राजांच्या तनख्यांची ती हमी संविधानाच्या 291 व्या अनुच्छेदात पोचली, आणि 1971 च्या डिसेंबरात 26 व्या दुरुस्तीने तो अनुच्छेदच नाहीसा झाला. तनखे गेले याचे मला तिळमात्र दुःख नाही, जावयाचेच होते. परंतु जामीन राहून मागाहून जामिनाचा कायदाच पुसून टाकण्याची सोय आमच्या गावातील पतपेढीच्या जामीनदारांना अद्याप मिळालेली नाही, इतके नम्रपणे नमूद करतो.

परदेशी सावकारापुढे मात्र आपली वागणूक फारच निराळी दिसते. तेथे ‘आपल्या राष्ट्रपतीमार्फत वागणारे भारत’ असा गंभीर पोशाख करून आपण उभे राहता, वित्त मंत्रालयाचा अधिकारी सही करतो, आणि हप्ता ठरल्या दिवशी चुकता होतो. 293 वा अनुच्छेद राज्यांना देशाच्या हद्दीतच कर्ज काढू देतो, म्हणून इंदूर, भोपाळ, ग्वाल्हेर आणि जबलपूर यांच्या पाणीपुरवठ्यासाठी आशियाई विकास बँकेने 2003 मध्ये मंजूर केलेले कर्जही आपल्याच नावावर आले. पूर्वी असे पैसे राज्याकडे उतरताना तीन दशांश अनुदान आणि सात दशांश कर्ज अशी विभागणी होई; बाराव्या वित्त आयोगानंतर ते जसेच्या तसे, त्याच अटींवर, खाली सोडले जातात, आणि डॉलर महागला तर फरक राज्याने सोसावयाचा. नाव आपले, पत आपली, चढउतार आमचा. घरच्या वाटपात मात्र आपण पुन्हा अपूर्णांक होता: ग्रामीण घरकुल योजनेत एका घराच्या 1,20,000 रुपयांत 72,000 आपले आणि 48,000 राज्याचे. त्या घरात राहणारा कोणत्याही करारात पक्षकार नाही, योजनेचे चिन्ह मात्र त्याच्याच भिंतीवर असते.

शेवटी मुद्द्याचे. मुदतीच्या 1963 च्या कायद्यात आपण दावा आणावयाचा तर 30 वर्षे, आम्ही कराराच्या पैशासाठी आणावयाचा तर 3. (1908 च्या कायद्यात आपणांस 60 होती, म्हणजे सुधारणा झाली आहे हे कबूल.) शिवाय दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 80 प्रमाणे आधी दोन महिन्यांची नोटीस. ती राज्य सरकारास द्यावयाची असेल तर इंदूरच्या कलेक्टर कचेरीत देऊन चालते, म्हणजे बेटम्याचा माणूस सकाळच्या बसने जाऊन दुपारी परत येऊ शकतो. आपणांस द्यावयाची तर सचिवाच्या कचेरीत, आणि रेल्वेची असेल तर त्या रेल्वेच्या महाव्यवस्थापकाकडे. सही आमच्या जिल्ह्यात होते, काम आमच्या जिल्ह्यात होते, थकबाकीही येथेच राहते; पत्ता मात्र जिल्ह्याबाहेरचा. आपल्या तीन नावांपैकी एकही बदलावे अशी माझी मागणी नाही, ती आपण खुशाल मिरवावीत. कलम 80 मध्ये केंद्र सरकारची नोटीसही जिल्ह्याच्या कलेक्टराकडे देता येईल एवढी एक ओळ वाढवावी, आणि करारावर सही करणाऱ्याने सहीखाली आपले नाव व हुद्दा वाचता येईल अशा अक्षरात लिहावा, ही विनंती.

आपला,
द्वितीय पक्षकार, बेटमा