कोंडीनं राखलेला पूल

देहूरोडहून मुंबईला निघालेल्या गाडीत खंडाळा आला की दोन विषय हमखास निघायचे. वडापाव कुठे खायचा आणि अमृतांजन पूल पाडावा की ठेवावा. पहिल्यावर एकमत व्हायचं. दुसऱ्यावर दोन मतं पडायची आणि बऱ्याचदा ती दोन्ही एकाच माणसाची असायची. कमानीपाशी गाड्या तुंबल्या, पुढच्या ट्रकचा धूर नाकात गेला, की मागच्या सीटवरचे काका करवादायचे, "कशाला ठेवलंय हे लोढणं? पाडून मोकळे व्हा!" कोंडी सुटून गार वारा आत आला, की तेच काका मान वळवून म्हणायचे, "दगड बघा दगड! इंग्रजांचं काम. आता होणे नाही." त्या पुलावर काका कधी चढले नव्हते. आम्हीही नव्हतो.

पूल १८३० सालचा म्हणून ओळखला जाई. पुढे त्यावर अमृतांजन बामची जाहिरात लागली आणि तेच नाव त्याला चिकटलं. द्रुतगती मार्ग झाला तेव्हा पुलाचे खांब रस्त्यात आले, असं सगळे म्हणू लागले. वास्तविक खांब होते तिथेच होते. रस्ताच त्यांच्या पायात आला.

पाडापाडीची चर्चा सुरू झाल्यावर इतिहासप्रेमी म्हणाले, हा वारसा आहे. वाहनचालक म्हणाले, इथे अपघात होतात. दोघांचंही खरं होतं. पण पूल तगला तो निवेदनांच्या जोरावर नव्हे, कोंडीच्या जोरावर. तो पाडायचा तर मुंबई-पुणे वाहतूक थांबवायला हवी आणि ती थांबवायची छाती कोणाची? ज्यांच्या वाटेत तो उभा होता, त्यांच्याच गर्दीनं त्याला राखलं. २०२० मध्ये टाळेबंदी आली, रस्ता ओस पडला आणि ५ एप्रिलला नियंत्रित स्फोटांनी पूल खाली आला. वाद घालणारे दोन्ही पक्ष घरात बसून एकमेकांना तोच व्हिडिओ पाठवत होते.

इंग्रजी अमदानीतल्या पुलांबद्दल गावोगाव एक कथा ऐकू येते. बांधणाऱ्या कंपनीचं विलायतेहून पत्र आलंय, पुलाची मुदत संपली म्हणून. पत्र कोणी पाहिलेलं नसतं, भरवसा मात्र सगळ्यांचा. पुलाची काळजी साहेब तिकडे बसून करतोय म्हटल्यावर आपण निर्धास्त!

कुंडमळ्याला मात्र विलायतेच्या पत्राची गरज नव्हती. देहूरोडच्या पुढचं स्टेशन बेगडेवाडी. तिथून जवळच कुंडमळा, तिथे इंद्रायणीवर लोखंडी पूल होता, वयानं तीसेक वर्षांचा. गावकरी नवा पूल मागत होते, धोक्याचा फलकही लागलेला होता. १५ जून २०२५ च्या रविवारी पावसाळी सहलीची गर्दी त्यावर उभी असताना तो कोसळला. चार जणांचा जीव गेला. 'वाचवा' म्हणणारं तिथे कोणी नव्हतं. 'बदला' म्हणणारे होते, त्यांचंही वेळेत ऐकलं गेलं नाही.

'पूल वाचवा' आणि 'पूल पाडा' या घोषणांत मला आता पूर्वीइतकं वैर दिसत नाही. दोन्ही अखेरच्या घटकेला सुचतात. मधल्या वर्षांना वाली नसतो. पावसाळ्याआधी खाली उतरून सांधे तपासायचे, गंज खरवडायचा, कमानीत रुजलेला पिंपळ वेळीच उपटायचा, या कामासाठी कधी मोर्चा निघालेला ऐकलाय? एकदा यावर सह्या गोळा करून बघा. पहिलाच माणूस पेन हातात घेऊन विचारील, "ते ठीक आहे, पण यात विरोध कोणाला करायचाय?"