भांडे कोनं घासले?

"काकू, डोये कायले लाल दिसून राह्यले वो तुमचे?"

"रातभर मोबाइल पाह्यला वं. सुनेनं त्या सेलिब्रिटी मास्टरशेफचे जुने भाग लावून देल्ले. आपली उषाताई नाडकर्णी होती न त्याच्यात, 'माहेरची साडी'तली सासू. 78 वर्साची बाई, पन काय ठसक्यात रांधे!"

"जिंकली कोठी पन? जिंकला तं थो गौरव खन्ना, 2025 च्या एप्रिलात. निक्की तांबोळी दुसरी आली."

"आली तं आली. मले एकच गोष्ट समजत नाई. थो जज रणवीर ब्रार चमचा तोंडात टाकते, डोये मिटते, अन् आपन इकडं त्याच्या चेहऱ्यावरून ठरवतो का भाजीत मीठ हाये का नाई! संजीव कपूरचा 'खाना खजाना' लागे तवा मी वही-पेन घेऊन बसो. 1993 ची गोष्ट. आता वही नाई लागत, रुमाल लागते. आज कोन रडलं, कोन घरी गेलं, झाला कार्यक्रम."

"मंग आपले विष्णू मनोहर बरे होते म्हना 'मेजवानी'तले."

"बरे म्हन्जे काय! नागपूरचा माणूस, पन सांगे कसा, तं शेजारी बसून सांगितल्यावानी. कधी कोनाले रडवलं नाई."

"पन थे स्पर्धेत कुठी उतरले?"

"आता माय! 2017 च्या एप्रिलात नागपुरात 53 तास सलग रांधलं त्याईनं. एका अमेरिकनाचा 40 तासाचा विक्रम होता, थो मोडला. समोर जज नाई, घंटी नाई, निसता चुलीशी मुकाबला. अन् एप्रिलातलं नागपूर म्हन्जे काय असते, सांग."

"अकोल्यापुढं काय वो नागपूर!" वैनी मधेच बोलली.

तिचं माहेर अकोल्याचं. लेकरं अमरावतीत मोठी झाली, तरी उन्हाचा विषय निघाला की अकोल्याचा पारा ती एका डिग्रीनंही खाली येऊ देत नाही.

"त्या मास्टरशेफवाल्याइले मे महिन्यात आमच्या अकोल्यात उभं करा, बिनकूलरच्या सैपाकखोलीत. मंग पाहू कोनाचं सूफ्ले फुगते अन् कोनाचं डोस्कं."

"विष्णूजीनं जयगावात भरीत बी केलं होतं न, 2018 त. अडीच हजार किलो!"

"बाप्पा! वांगे कोनं भाजले असतीन?"

"वांग्याचं जाऊ दे, भांडे कोनं घासले थे इचार. टीव्हीवर हे कधीच दाखवत नाई. एक तास रांधते, सतरा वाट्या भरवते, अन् दुसऱ्या दिवशी ओटा आरशावानी चकचकीत! आपल्या घरी असं कधी झालं का?"

"पन काकू, त्या स्पर्धेत रोडगे कोनी करून दाखवले तं मी मानीन."

"साठ मिनिटात? अवं, गोवऱ्या पेटून त्याचा आर होतेपर्यंतच घंटी वाजन! रोडगा निवांत भाजू द्या लागते, घाई केली का आतून कच्चा राह्यते. बहिरमच्या यात्रेत पाह्य, 20 डिसेंबरपासून महिनाभर चालते. रोडगे भाजाले टाकले का लोकं गप्पा मारत बसते, हंडीतलं मटन आपलं आपलं शिजते. तिथं घड्याय कोन पाह्यते?"

"अन् त्या दुसऱ्या जजनं, विकास खन्नानं इचारलं, प्लेटिंग कुठी हाये, तं?"

"म्हनाव, हात धू अन् बस खाली. राख झटक, रोडगा फोड, तुपाची धार सोड, वरून वरन अन् वांग्याची भाजी. पत्रावयीतून वरन पळाले लागलं का बोटानं बांध घाल, झालं प्लेटिंग."

"तुमीच जा न वो ऑडिशनले."

"गेली असती. पन तिथं ताटात भाजी असते चमचाभर. मले तेवढं रांधताच येत नाई. पंचवीस माणसं असल्याशिवाय माहा मिठाचा अंदाज जमत नाई."

"मंग बोलवा न रविवारी पंचवीस जन. आमी चार तं आताच झालो."

"बोलावतो. भांडे तू घासजो."