निळ्या वायरीचा पिकअप

गाडीचा पिकअप वाढवण्याचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे इंजिनात पैसे ओतणे आणि दुसरा म्हणजे पिकअप वाढला असं ठरवून टाकणे. दुसरा मार्ग स्वस्त असला तरी त्याला निमित्त लागतं. त्यासाठी हात काळे व्हावे लागतात, एखादा पाना हरवावा लागतो आणि घरातल्या कुणीतरी 'अजून किती वेळ?' असं खिडकीतून विचारावं लागतं. माझ्या भाच्याच्या मते या सगळ्या अटी सर्वांत कमी पैशात पूर्ण करणारी गोष्ट म्हणजे अर्थिंग.

भाचा इंजिनिअरिंगला आहे, कॉम्प्युटरच्या. त्यामुळे गाड्यांबद्दल त्याला दांडगा आत्मविश्वास आहे. "मामा, तुझ्या गाडीचं अर्थिंग वीक आहे," तो म्हणाला. "सेल्फ मारताना दिवे किती मंद होतात बघ. तुझी पॉवर इथेच जाते." माझी गाडी वयात आलेली आहे, म्हणजे मतदान करू शकेल इतकी. तिची पॉवर कुठे कुठे जाते याचा मी कधीच हिशेब ठेवलेला नाही. पण ती परत आणता येते असं कुणी पहिल्यांदाच म्हणत होतं.

प्रकार असा आहे. बॅटरीच्या प्लसपासून प्रत्येक दिव्याला, हॉर्नला, पंख्याला स्वतंत्र वायर जाते. परतीची वायर बहुतेक ठिकाणी नसतेच. परतीचा करंट गाडीच्या पत्र्यातून येतो, म्हणजे कंपनीची जवळजवळ निम्मी वायर वाचते. वऱ्हाडासारखीच ही व्यवस्था : जाताना खास बस, येताना ज्याने त्याने आपापलं बघायचं. एवढ्यावर भागलं असतं, पण इंजिनाचे धक्के आपल्याला बसू नयेत म्हणून ते रबराच्या माउंटिंगवर बसवलेलं असतं आणि रबरातून करंट जात नाही. म्हणून बॅटरीच्या मायनसपासून बॉडीला एक आणि इंजिनाला एक, अशा जाड केबली किंवा तांब्याच्या विणलेल्या पट्ट्या जोडतात. आपण इंजिन ऑइलवरून वाद घालतो, पेट्रोलच्या पंपाबद्दल निष्ठा बाळगतो आणि या पट्ट्या मात्र पहिल्या पावसाळ्यापासून चिखल खात खाली लोंबत असतात. त्यांच्याकडे कुणी बघत नाही.

बघत नाही तोवर ठीक असतं. सेल्फचा स्टार्टर छोट्या गाडीतही शंभर-दीडशे अँपिअर सहज ओढतो. वाटेत गंजामुळे एका ओहमचा शंभरावा भाग अडथळा आला, तर दीडशे अँपिअरला दीड व्होल्ट तिथेच गळतात. बारा व्होल्टच्या संसारात दीड व्होल्ट म्हणजे काय, हे ज्याचा पगार परस्पर कापला जातो त्याला विचारावं. पट्टी पूर्ण तुटली तर आणखी मजा. करंट थांबून राहत नाही. इंजिनातून बॉडीकडे जाणारं जे लोखंड मिळेल ते धरतो. ॲक्सिलरेटरची केबल, क्लचची केबल, काहीही. मग सेल्फ मारला की क्लचच्या केबलमधून धूर येतो. मेकॅनिक केबल बदलून देतो. पुन्हा धूर येतो. तो पुन्हा बदलून देतो आणि या वेळी 'ओरिजिनल टाकली' असं सांगतो.

मागच्या दिव्याचा अर्थ सुटला तर तमाशा वेगळा. डावीकडचा इंडिकेटर दिला की त्याच्याबरोबर ब्रेकचा दिवाही लुकलुकतो, कारण बिचारा करंट शेजारच्या बल्बमधून वाट काढत परत येत असतो. मागच्या गाडीवाल्याला आपण वळतोय, थांबतोय की दिवाळी साजरी करतोय, काही कळत नाही. पुण्यात इंडिकेटरकडे कुणी बघत नाही, म्हणून निभावतं.

तर हे सगळं खरं आहे, आणि भाच्याच्या म्हणण्याला म्हणूनच वजन होतं. गोंधळ त्याच्या पुढच्या वाक्यात होता : जादा वायरी टाकल्या की पिकअप वाढतो. २००० सालाच्या आसपास जपानमध्ये या अर्थिंगची मोठी लाट आली होती. बॅटरीच्या मायनसपासून इंजिनाच्या हेडला, अल्टरनेटरला, बॉडीला चार-पाच झगझगीत रंगाच्या जाड वायरी जोडायच्या. मग म्हणे पिकअप वाढतो, ॲव्हरेज वाढतं, दिवे उजळतात आणि स्टिरिओचा आवाजसुद्धा सुधारतो. भाच्याने तसलाच एक निळ्या वायरींचा संच मागवलेला होता. मी त्याला नाना पेठेतल्या एका जुन्या वायरमनकडे घेऊन गेलो, कारण एवढा आनंद एकट्याने सोसवत नव्हता.

वायरमनने संच उलटापालटा करून पाहिला. "कशाला हे?"

"पिकअपसाठी," भाचा म्हणाला.

"मग टेम्पोवाले काय येडे आहेत का काका? वेल्डिंगची केबल घ्या. मऊ असते, आत सगळं तांबं."

"निळी आहे?" भाच्याने विचारलं.

वायरमनने त्याच्याकडे बघितलं नाही. मला म्हणाला, "आधी मीटर लावून बघा. इंजिन आणि मायनसच्या मध्ये. सेल्फ मारताना."

या एका वाक्यावर मी त्याला गुरू मानायला तयार आहे. सगळे लोक इथे ओहमवर मीटर लावतात आणि फसतात. मीटर स्वतःचा इवलासा करंट सोडून अडथळा मोजतो. पट्टीची एकच तार शिल्लक असली तरी त्याला ती धडधाकट वाटते. खरी परीक्षा ओझं पडल्यावर. म्हणून मीटर वीस व्होल्ट डीसीवर ठेवायचा, एक टोक बॅटरीच्या मायनसच्या खुंटीवर, दुसरं इंजिनाच्या उघड्या धातूवर, आणि कुणीतरी सेल्फ मारायचा. पाव व्होल्टाच्या आत आकडा आला तर घरी जाऊन झोपावं.

पेट्रोल पंपाचा फ्यूज काढून मी बायकोला गाडीत बसवलं. "सुरू होणार नाही. नुसता सेल्फ मारायचा," असं सांगितलं.

"म्हणजे रोजच्यासारखंच," ती म्हणाली.

मीटरवर आठ दशांश व्होल्ट आले. भाच्याने असा जल्लोष केला, जणू हे नुकसान त्याने कमावलं होतं.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये रविवारी सकाळी बोनेट उघडलं की माणसं आपोआप जमतात. मी दहा नंबरच्या पान्याने आधी मायनस काढला. (आधी प्लस काढायला गेलात आणि पाना पत्र्याला टेकला, तर पाना लाल होतो आणि घड्याळ किंवा अंगठी मध्ये आली तर बोट जातं. म्हणून काढताना मायनस आधी, लावताना मायनस शेवटी.) खुंट्यांवरचा पांढरा-हिरवा भुगा गरम पाणी आणि खाण्याचा सोडा घालून धुतला. तोवर तीन निदानं जाहीर झाली होती : प्लग, क्लच आणि 'विकून टाका'. तळमजल्यावरच्या आजोबांनी सांगितलं की त्यांच्या मॉरिस मायनरला प्लस बॉडीला असे. सगळे गालात हसले. खरं तर आजोबा अगदी बरोबर होते. साठच्या दशकापर्यंत बऱ्याच ब्रिटिश गाड्यांत तशीच रीत होती. पण पार्किंगमध्ये खरं बोलणाऱ्याचं कुणी ऐकत नाही.

उरलेलं काम कंटाळवाणं होतं आणि तेच महत्त्वाचं होतं. रंगावर केबलच्या टोकाची थिंबल आवळली तर करंट जात नाही, म्हणून बोल्टाखालचा रंग पॉलिश पेपरने घासून पत्रा पांढरा करायचा, आवळायचं, आणि वरून व्हॅसलीन फासायचं म्हणजे पुन्हा गंज धरत नाही. सडकी पट्टी काढून मी वेल्डिंगची काळी केबल लावली. भाच्याने तिच्या शेजारी दोन निळ्या वायरी लावल्या, बोनेट उघडताच दिसतील अशा.

मीटरवर आता एक दशांश. सेल्फ असा फिरला की बायकोने दचकून पाय उचलला. रात्री हेडलाइटही उजळले. बल्बच्या तारेचा स्वभावच तसा असतो : व्होल्टेज दहा टक्के पडलं की उजेड जवळजवळ तीस टक्क्यांनी पडतो. इथवर सगळं सरळ होतं.

पण भाच्याला पिकअप हवा होता. पहाटे आम्ही चांदणी चौकाच्या चढावर गेलो. "जाणवतंय ना?" त्याने विचारलं. जाणवत होतंच. रस्ता मोकळा होता, हवा गार होती. आदल्या दिवशी भाच्याने टायरांत हवा भरली होती, एअर फिल्टर झटकला होता आणि डिकीतून बायकोच्या माहेरचं तांदळाचं पोतं उतरवलं होतं. शिवाय एक गंमत कुणी लक्षात घेत नाही. बॅटरी सोडली की इंजिनाचा कॉम्प्युटर आपण शिकलेलं बरंचसं विसरतो. आयडलिंग किती ठेवायचं, पेट्रोल किती द्यायचं, हे तो पुढचे काही किलोमीटर नव्याने शिकतो. तेवढा वेळ गाडी खरोखरच वेगळी चालते. श्रेय वायरीला जातं.

घरी आल्यावर मी भाच्याला आकडे मांडून दाखवले. प्लगमध्ये ठिणगी उडते वीसेक हजार व्होल्टांवर. परतीच्या वाटेत अर्धा व्होल्ट वाचवून तिचं काय भलं होणार? वायर नवा घोडा आणत नाही, हरवलेला सापडला तर सापडतो. भाच्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पण जाणवलं की नाही तुला?" जाणवलं होतं. कातडं सोलून मी तो पत्रा घासला होता. न जाणवून सांगतो कुणाला!

बातमी सेक्रेटरींपर्यंत पोचली. त्यांची गाडी कोरी करकरीत. "आमच्याही गाडीला टाका हो त्या निळ्या वायरी," म्हणाले. मी त्यांना बोनेट उघडून दाखवलं : नव्या गाड्यांत मायनसच्या खुंटीवर एक छोटा सेन्सर असतो, बॅटरीतून किती करंट आला-गेला ते तो मोजतो. त्याला वळसा घालून खुंटीवर वायर लावली की हिशेब चुकतो आणि चार्जिंगचं गणित बिघडतं. "आणि तुमच्या पट्ट्या नव्या आहेत, गळती काहीच नाही. मीटर लावू का?" सेक्रेटरी हसले. आपला फॉर्म्युला लपवणाऱ्या माणसाकडे बघून हसतात तसे.

पुढच्या रविवारी त्यांनीच मला बोलावलं. बोनेटखाली दोन निळ्या वायरी, माझ्यापेक्षा जाड. दोन्ही एका टोकाला बॉडीच्या बोल्टावर, रंग न घासता. दुसरी टोकं एअर फिल्टरच्या प्लास्टिकच्या डब्यावर, छान स्क्रूने आवळलेली.

"काय सांगू," सेक्रेटरी म्हणाले, "खंबाटकी तिसऱ्यावर काढला."