आप्पांचा ब्रेक

"ब्रेक मारला की डिझेल मेलं," असं आप्पा म्हणतात. पैसे मोजून आणलेला वेग पायाच्या एका दाबाने उधळायचा, हे त्यांना ताटात अन्न टाकण्यासारखं वाटतं. त्यामुळे बुऱ्हाणपुरातून केळी भरून निघालेली त्यांची पिकअप ते थांबवत नाहीत, ती थांबते. चढावर, फाटकाशी, नाहीतर समोरची म्हैस आप्पांपेक्षा हट्टी निघाली तर.

गोची होते असीरगडाच्या घाटात. अकबराने महिनोन्‌महिने वेढा घालून १६०१ मध्ये हा किल्ला घेतला. आप्पा परतताना इंदूरचे बटाटे लादून त्याच्याखालचा उतार न्यूट्रलमध्ये घेतात. गाडी गिअरमध्ये असती तर इंजिनने ओढून धरली असती. आता ज्या ब्रेकचा एवढा तिटकारा, तोच घाटभर दाबून धरावा लागतो. खाली पोचेपर्यंत पुढच्या डिस्कवर पापड भाजावा. मग आप्पांना दया येते. "तापली बिचारी," म्हणत ते बाटलीतलं पाणी तिच्यावर ओततात. बिडाची डिस्क चर्रर्र करते आणि वाकडी होते. पुढे महिनाभर ब्रेक दाबला की स्टिअरिंगला हुडहुडी भरते. पॅड संपून लोखंड लोखंडावर किंचाळू लागलं, तेव्हा तर आप्पांनी हॉर्न वाजवणंच सोडलं. लोक तसेही बाजूला होत होते.

शेवटी काकूंनी किल्ली लपवली, म्हणून गाडी गॅरेजात आली.

उस्तादांनी डाव्या डिस्कला व्हर्निअर लावला. "फेस मारून द्या," आप्पा म्हणाले. पण तिच्यावर छापलेल्या किमान जाडीच्याही खाली ती गेली होती. लेथवर आणखी काय तासणार? कॅलिपरच्या पिना जाम, म्हणून तीच जास्त झिजलेली.

"मग डावीच बदला."

"आप्पा, चप्पल एक टूटी तो एकही लाते क्या?"

आप्पांनी गुपचूप पाय बाकाखाली ओढले. दोन पायांत दोन रंगांच्या चपला होत्या.

जोडी आली. उस्ताद हबवरचा गंज तारेच्या ब्रशने घासत बसले; गंजाची खपली राहिली तर नवी डिस्कही डुगडुगते. "जे दिसत नाही ते घासायची मजुरी मी का द्यायची?" आप्पांचा जीव वरखाली. पिनांना ग्रीस लागलं, काळं पडलेलं ब्रेक ऑईल बदललं. इतक्या पैशांत किती मावा जिलेबी आली असती, याचा हिशेब आप्पा बोटांवर करत होते.

"पहिले दोन-तीनशे किलोमीटर कच्चकन ब्रेक मारू नका," उस्तादांनी बजावलं. "पॅड बसू द्या."

आप्पांचा चेहरा पहिल्यांदाच खुलला. "मी पंधरा वर्षं दुसरं काय करतोय?"

जुन्या डिस्क मात्र त्यांनी भंगारात दिल्या नाहीत. परवा घाटात चहाला थांबलो, तर आप्पांनी सीटखालून एक काढली आणि दगडासारखी मागच्या चाकाला लावली.

"उस्ताद म्हणे संपली," ते म्हणाले. "बघ, थांबवते की नाही गाडी!"