लॉटरीचा मेल पाठवणाऱ्या इसमास

इसमास,

पत्राच्या सुरुवातीला नमस्कार लिहायची आपल्याकडे पद्धत आहे. तुला तो लिहीत नाही. तुझं खरं नावही मला ठाऊक नाही, कारण प्रत्येक मेलखाली तू नवा माणूस असतोस. कधी लंडनचा बॅरिस्टर, कधी ब्रिटनच्या नॅशनल लॉटरीचा क्लेम एजंट, कधी शीतपेयाच्या कंपनीचा बक्षीस अधिकारी, आणि अंगात फारच आलं की थेट रिझर्व्ह बँकेचा गव्हर्नर. मजकूर मात्र तोच. तुमच्या ई-मेल आयडीला पाच लाख पौंडांचं बक्षीस लागलं आहे, सुरक्षेच्या कारणास्तव ही गोष्ट कोणालाही सांगू नका, नाव, पत्ता, वय, व्यवसाय आणि बँक खाते क्रमांक तातडीने कळवा.

त्यातल्या 'कोणालाही सांगू नका' या तीन शब्दांवर तुझा सगळा धंदा उभा आहे. पौंडांचा आकडा, बोधचिन्ह, गोल शिक्के ही नुसती सजावट. माणसाने मुलीला विचारलं, बँकेतल्या ओळखीच्या कारकुनाला विचारलं, शेजारच्या कॉलेजात जाणाऱ्या पोराला मेल दाखवला, की दोन मिनिटांत तुझं पितळ उघडं पडतं. म्हणून तुला माणूस एकटा हवा असतो. आणि म्हणूनच हे पत्र मी चारचौघांत लिहितो आहे.

तिकिटापासूनच विचारतो. महाराष्ट्र राज्य लॉटरी 1969 पासून आहे. तिचं तिकीट स्टॉलवर पैसे देऊन घ्यावं लागतं, त्यावर क्रमांक आणि सोडतीची तारीख छापलेली असते आणि बक्षीस मागायला तेच तिकीट पुढे करावं लागतं. ज्या ब्रिटिश लॉटरीचं नाव तू वापरतोस, ती 1994 मध्ये सुरू झाली. तिथेही खेळणाऱ्यालाच बक्षीस लागतं. ई-मेल पत्त्यांच्या चिठ्ठ्या टाकून अनोळखी माणसाला पौंड वाटणारी लॉटरी तुझ्या मेलबाहेर कुठेही नाही. शिवाय परदेशी लॉटरीत भाग घेण्यासाठी भारतातून पैसे पाठवायलाच परकीय चलनाच्या नियमांत मनाई आहे, आणि रिझर्व्ह बँक हे वर्षानुवर्षं जाहीर करत आली आहे. ती सामान्य माणसाचं बचत खातं उघडत नाही, कोणाचं बक्षीस आपल्याकडे ठेवून घेत नाही. तरी तिच्याच लेटरहेडवर पैसे मागण्याइतका तू निगरगट्ट आहेस.

बरं, मेलवर तुझं नाव 'रिझर्व्ह बँक' दिसतं, पण नावावर बोट ठेवलं की मागे फुकटात उघडलेला पत्ता निघतो, आणि रिप्लाय दाबला की उत्तर तिसऱ्याच पत्त्यावर निघतं. व्हॉट्सॲपवर तूच 'केबीसी'चे 25 लाख वाटतोस. तिथला अनोळखी नंबर बहुतेकदा परदेशी कोडचा असतो, कित्येकदा +92 चा.

पण तुझा खरा दुष्टपणा पुढे सुरू होतो, समोरच्याने उत्तर दिल्यावर. पहिली रक्कम तू मुद्दाम लहान मागतोस. प्रोसेसिंग फी, काही हजार. लाखो पौंडांपुढे ती किरकोळ वाटते. ती भरली की पैसे दिल्ली विमानतळावर कस्टममध्ये अडकतात. ते सोडवले की चलन बदलण्याचा खर्च निघतो. मग आयकर, मग पैसा दहशतवादाशी संबंधित नसल्याचा दाखला, त्याचीही फी. दर वेळी 'ही शेवटची'. तिसऱ्या-चौथ्या हप्त्याला माणूस बक्षिसासाठी पैसे भरत नसतो, आधी गेलेले बुडू नयेत म्हणून भरत असतो. हे तुला पक्कं माहीत असतं. मुदत ठेव मोडली जाते, मंगळसूत्र गहाण पडतं, मेहुण्याकडून उसने घेतले जातात, आणि तू पुढच्या फीचा मसुदा तयार ठेवतोस.

इथे तुझ्यापाशी उत्तर नसलेला एक प्रश्न आहे, आणि तो प्रत्येक घरात पोचावा अशी माझी मनापासून इच्छा आहे. कर असो, फी असो, बक्षिसातूनच कापून घ्या आणि उरलेली रक्कम द्या, असं तुला कोणी म्हटलं तर? भारतात लॉटरीच्या मोठ्या बक्षिसावर 30 टक्के कर लागतो आणि तो देणाराच आधी कापून घेतो. विजेत्याने आधी स्वतःच्या खिशातून पैसे भरायचे आणि मग रोख बक्षीस घ्यायचं, ही रीत फक्त तुझी.

आता तुझ्या मेलच्या भाषेबद्दल. चुकांनी भरलेलं इंग्रजी, अशक्य आकडे, हास्यास्पद पदव्या. लोक ते वाचून म्हणतात, असल्या मेलला भुलणाराच मूर्ख. कॉर्मॅक हर्ली या मायक्रोसॉफ्टच्या संशोधकाने 2012 मध्ये याचा हिशेब मांडून दाखवला. मेल पाठवायला खर्च जवळजवळ नसतो. मेहनत लागते ती उत्तर देणाऱ्याला शेवटपर्यंत खेळवण्यात. म्हणून शंकेखोर माणूस पहिल्याच ओळीला गळून पडलेला तुला परवडतो. तुझा भोंगळ मेल ही चाळण आहे. तिच्यातून मागे उरतो तो ज्याला मेलचं जग नवं आहे, ज्याचं कर्ज थकलं आहे, जो घरी दिवसभर एकटा असतो. अशांना तू वेचून काढतोस, आणि फसल्यावर आम्ही त्यांना हसतो. त्या हसण्याचा मला तुझ्याइतकाच राग आहे. लोक हसतील या भीतीनेच माणूस बायकोलाही सांगत नाही, पोलिसांत जात नाही, आणि तुला पुढचा हप्ता मिळतो. फसलेल्याला हसणारा प्रत्येक जण तुझं काम सोपं करतो.

पैसे तू स्वतःच्या खात्यात घेत नाहीस, तेवढा शहाणा आहेस. महिन्याच्या काही हजारांवर एखाद्या बेरोजगार पोराचं पासबुक आणि एटीएम कार्ड भाड्याने घेतोस. गव्हर्नरने पाठवलेला खाते क्रमांक अशाच कोणा तरुणाच्या बचत खात्याचा निघतो. पोलीस आधी त्याच्या दारात पोचतात. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66 डी खाली 3 वर्षांपर्यंत कैद आहे, भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली 7 वर्षांपर्यंत. ती भोगायला तू त्या पोराला पुढे करतोस.

पैसे गेल्याचं लक्षात येताच 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन केला, तर रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता येण्याची शक्यता असते. तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही नोंदवता येते. त्यासाठी मेल पुसून टाकायचा नाही, पैसे पाठवल्याची पावती आणि तुझे नंबर जपून ठेवायचे.

आणि काही महिन्यांनी तू त्याच माणसाकडे पुन्हा येशील हेही मला माहीत आहे. तुझ्या वहीत त्याचं नाव 'पैसे भरतो' म्हणून नोंदलेलं असेल. या वेळी तू सायबर पोलीस असशील किंवा वकील, आणि म्हणशील, गुन्हेगार सापडला, तुमचे पैसे परत मिळतील, फक्त कोर्टाची अनामत भरा. खरे पोलीस तपासाची फी घेत नाहीत. तुझा तो फोन आला की लगेच 1930 लावायचा, हे मी माझ्या ओळखीतल्या प्रत्येक घरी जाऊन सांगतो आहे.